नांदेडहून हेमकुंडला

आमच्या गच्चीवरून सचखंड गुरुद्वाऱ्याचा, म्हणजे शिखांच्या हजूर साहिबचा, सोनेरी घुमट दिसतो. सोळा वर्षांपूर्वी लग्न होऊन नांदेडला आले, तेव्हा पहिल्याच संध्याकाळी सासूबाईंनी हाताला धरून गच्चीवर नेलं आणि तो दाखवला. "हे आपल्या गावाचं देवघर," म्हणाल्या. गुरू गोविंदसिंगजी १७०८ साली इथेच गोदावरीच्या काठी विसावले. गुरुपद ग्रंथसाहिबाकडे सोपवलं तेही इथेच. पंजाबातून, कॅनडा-इंग्लंडमधून माणसं आयुष्यात एकदा तरी दर्शन व्हावं म्हणून धडपडत येतात, आणि आमच्या आई, म्हणजे सासूबाई, त्याच रस्त्यानं रोज भाजी आणायला जातात.

त्या रस्त्यावरच्या एका दुकानात हेमकुंडाची तसबीर टांगलेली आहे. निळं तळं, भोवती बर्फाचे डोंगर, काठावर एक वेगळ्याच छपराचा गुरुद्वारा. आईंनी एकदा दुकानदाराला विचारलं, हे कुठलं? मागच्या जन्मी गुरुजींनी जिथे तप केलं ते उत्तराखंडातलं ठिकाण, असं त्यानं सांगितलं. घरी येऊन आई मला म्हणाल्या, "शेवट झाला तिथं आपण राहतो गं. सुरुवात बघायची राहिली." हे वाक्य दहा वर्षं घरात घुमत होतं. यंदा ऑगस्टमध्ये आम्ही निघालो. आई ६८ वर्षांच्या, लेक चौदाची, धाकटा नऊचा, आणि आम्ही दोघं.

तयारीबद्दल एवढंच सांगते की ती खरोखर करा. उत्तराखंड सरकारची यात्रेची ऑनलाइन नोंदणी आधीच केली. आईंचं रक्तदाब, कार्डिओग्राम सगळं तपासून घेतलं. दोन महिने रोज पहाटे चाललो. नांदेडात चढ कुठून आणायचा, म्हणून दोनदा माहूरला जाऊन रेणुकामातेच्या पायऱ्या चढून आलो. आईंचे गुडघे त्या पायऱ्यांवरच बोलले, त्यामुळे वर त्या घोड्यावरूनच जाणार हे घरूनच ठरलं होतं. आयत्या वेळी वाद नको.

दिवस पहिला आणि दुसरा

सकाळी नांदेडहून सचखंड एक्स्प्रेस. ही गाडी ज्यांनी केली नसेल त्यांनी एकदा करावी. वाटेतल्या काही स्टेशनांवर सेवेकरी लंगर घेऊन उभे असतात. माणसं आपापली ताटं-डबे खिडकीतून पुढे करतात आणि त्यात गरम भाजी, पोळी, भात पडतो. कुणी कुणाला धर्म विचारत नाही, तिकीट विचारत नाही. आईंनी धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी चार दिवसांची बांधून घेतली होती, तरी लंगरासाठी त्यांचा स्टीलचा डबा तयारच होता. दिल्लीला उतरून रात्रीपर्यंत हरिद्वार गाठलं. गंगेवर जायची ताकद कुणातच उरली नव्हती.

दिवस तिसरा

पहाटे पाचला गाडी निघाली. हरिद्वार ते जोशीमठ साधारण पावणेतीनशे किलोमीटर. आकडा आपल्याला लहान वाटतो, पण डोंगरात अख्खा दिवस जातो आणि पावसाळ्यात दिवस पुरेलच असं नाही. देवप्रयागला उतरलो. भागीरथी आणि अलकनंदा तिथे भेटतात आणि तिथून पुढे नदीला गंगा म्हणायचं. पाण्याचे दोन रंग काही अंतर शेजारी शेजारी चालतात, हे लेकीनं भूगोलाच्या पुस्तकात वाचलेलं प्रत्यक्ष दिसलं. मग रुद्रप्रयाग, कर्णप्रयाग, नंदप्रयाग. आई प्रत्येक संगमाला खिडकीतूनच हात जोडत होत्या.

पिपळकोटीच्या पुढे दरड कोसळलेली. जेसीबी वर काम करत होतं आणि खाली दोन्ही बाजूंना गाड्यांची रांग. अडीच तास थांबलो. आमच्या पुढे मोटारसायकलींवर केशरी झेंडे लावलेली सात-आठ पंजाबी मुलं होती, विशी-बाविशीची. आईंनी धपाट्यांचा डबा उघडला आणि त्यांना हाक मारली. मुलं संकोचत आली, खाल्लं, मग कुठून आलात म्हणून विचारलं. "नांदेड," आई म्हणाल्या.

त्यातल्या एकानं घास हातात तसाच धरून विचारलं, "हजूर साहिबवाला नांदेड?" आईंनी मान हलवली. पोरानं हात पुसले आणि त्या चिखलात वाकून आईंच्या पायांना हात लावला. मग एकेक करून सगळ्यांनी. आई गडबडून गेल्या, "अरे बाबांनो, मी कोण, मी साधी बाई" असं मराठीतच म्हणत राहिल्या. त्या मुलांपैकी एकही अजून हजूर साहिबला आलेला नव्हता. जायचंय, म्हणत होती.

जोशीमठला पोहोचायला रात्रीचे नऊ वाजले.

दिवस चौथा

जोशीमठहून खाली उतरलं की विष्णुप्रयाग, पाचवा प्रयाग. तिथून गोविंदघाट. गोविंदघाटहून पुलनापर्यंत चार किलोमीटर जीप जाते आणि पुढे नऊ-दहा किलोमीटर पायवाट, घांघरियापर्यंत. २०१३च्या महापुरात ही जुनी वाट आणि पूल वाहून गेले होते, भ्यूंडार गावाचं फार नुकसान झालं होतं. त्यानंतर वाट काही ठिकाणी नदीच्या दुसऱ्या काठानं नव्यानं काढली. घोडेवाला त्याच खोऱ्यातला होता. पलीकडच्या काठावरच्या उघड्या दगडगोट्यांकडे बोट करून तो म्हणाला, "वो हमारा रास्ता था." पुढे बराच वेळ गप्प होता. आम्हीही काही विचारलं नाही.

वाट लक्ष्मणगंगेच्या कडेनं जाते. पाण्याचा आवाज इतका की शेजारच्याशी बोलायचं तर ओरडावं लागतं. वाट दगडी आणि रुंद आहे, पण घोडी सतत येत-जात असतात. घोडं आलं की डोंगराच्या बाजूला उभं राहायचं, दरीच्या बाजूला कधीच नाही, हा नियम मुलांना पहिल्या पाच मिनिटांत शिकवला. धाकट्यानं तो इतका पाळला की आम्हालाच ओढून आत घेत होता.

अर्ध्या वाटेवर त्याला तेरडा सापडला. आपल्याकडचाच, पण अंगानं केवढा तरी थोरला. टपोरी शेंग बोटांत धरली की टपकन फुटते आणि बिया उडतात, तीच गंमत. नांदेडच्या अंगणातला खेळ इथे गढवालात खेळायला मिळाल्यावर त्याची चाल एकदम सुधारली.

दुपारी तीनला घांघरिया. उंची साधारण ३,०५० मीटर. उंच फरच्या झाडांत लपलेली एक गल्ली, दोन्ही बाजूंना लॉज आणि ढाबे, मधे गुरुद्वारा, सगळीकडे ओल्या कांबळ्यांचा, लिदीचा आणि तळलेल्या भजीचा मिसळलेला वास. संध्याकाळी कुठे फिरलो नाही. पाणी पीत राहिलो, लवकर जेवलो, सगळ्यांना विचारलं डोकं दुखतंय का. धाकटा म्हणाला, थोडंसं. थकला असेल असं आम्ही म्हणालो. तिथे मी जास्त लक्ष द्यायला हवं होतं.

दिवस पाचवा

घांघरिया ते हेमकुंड अंतर फक्त सहा किलोमीटर आहे. पण त्या सहा किलोमीटरमध्ये माणूस हजार मीटरहून जास्त वर चढतो आणि चार हजार मीटरच्या पलीकडे पोहोचतो. वर मुक्कामाची सोय नाही, कुणालाच राहू देत नाहीत. दुपारी दोनच्या आत तळं सोडून उतरायला लागायचं. म्हणून पहाटे पाचला, अंधारात, टॉर्च घेऊन निघालो. आई घोड्यावर, आम्ही चौघं पायी. पहिलं वळण येईपर्यंत घोडं दिसलं, मग फक्त घंटेचा आवाज आला, मग तोही नाही.

घांघरियातून बाहेर पडलं की एक वाट डावीकडे फुलांच्या दरीकडे जाते आणि हेमकुंडची वाट उजवीकडे चढायला लागते. उजाडलं तसा समोर पाण्याचा मोठा लोट दिसला, वरून खाली कोसळणारा. हे हेमकुंडातूनच उतरणारं पाणी. म्हणजे तळं अजून पाच तासांवर होतं आणि त्याचं पाणी आमच्या शेजारून खाली चाललं होतं. लेक तिथेच थांबून म्हणाली, "आई, हे पाणी शेवटी बंगालच्या उपसागराला जाणार. आपली गोदावरीपण तिथेच जाते." मी तिच्याकडे बघतच राहिले. सोळा वर्षं त्या नदीच्या काठी राहून मला कधी असं जोडून बघायचं सुचलं नव्हतं.

झाडं हळूहळू बुटकी होत गेली. मग भोजपत्राची आली, पांढरट, कागदासारखी साल सुटलेली. यावरच एकेकाळी पोथ्या लिहीत. भोजपत्र संपलं की झाडंच संपतात. पुढे नुसतं गवत, दगड आणि फुलं. धुकं असं येत-जात होतं की दहा पावलांपलीकडचा माणूस नाहीसा व्हायचा आणि मग अचानक "वाहेगुरू" म्हणत शेजारी उभा असायचा. वरून उतरणारा प्रत्येक माणूस काही ना काही बोलून जातो. आलं, आलं, थोडंच राहिलं. कुणी हातावर खडीसाखर ठेवतं, कुणी पाणी देतं. ऐंशीच्या घरातला एक सरदारजी काठी टेकत अनवाणी उतरत होता. त्याच्या घोट्याला फडकं बांधलेलं होतं आणि चेहऱ्यावर कसलाच त्रास नव्हता.

नऊच्या सुमारास धाकटा बोलायचा थांबला. एरवी दर दहा मिनिटांनी चॉकलेट मागणारं पोर गप्प झालं, तेव्हाच मला कळायला हवं होतं. मग तो बसायला लागला. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. जांभया देत होता. डोकं खूप दुखतंय म्हणाला. बसवलं, थोडं थोडं पाणी पाजलं, जॅकेटची चेन वर ओढली. येणारे-जाणारे प्रेमानं सांगत होते, कापूर हुंगवा, वाहेगुरूचं नाव घ्या, चढेल तो. एकीनं कापराची पुडी दिलीही. मी ती घेतली, त्यांचं मन मोडवलं नाही. पण कापरानं विरळ हवेचा त्रास जात नाही. तो खाली उतरल्यानंच जातो, हे आमच्या डॉक्टरांनी निघताना तीन वेळा सांगितलं होतं. उलटी झाली तर पुढे एक पाऊल टाकायचं नाही, हेही.

अर्ध्या तासानं त्याला उलटी झाली.

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. कुणी एकानं उतरायचं होतं, आणि आई वर पोहोचल्या असणार, एकट्या. हेच म्हणाले, "तू जा. आई वर आहे. मी याला घेऊन उतरतो." हेमकुंडाचे फोटो वर्षभर मोबाइलच्या पडद्यावर ठेवणारा माणूस. मला काही बोलताच आलं नाही. तेवढ्यात एक नेपाळी कंडीवाला, पाठीवरच्या टोपलीतून माणसं नेणारा, रिकामी कंडी घेऊन उतरत होता. त्यानं पोराच्या चेहऱ्याकडे एकदाच बघितलं, कंडी टेकवली आणि त्याला आत बसवलं. अंगावरचं घोंगडं काढून त्याच्याभोवती गुंडाळलं. धाकटा कंडीतून मागे तोंड करून बसला होता, त्यामुळे उतरताना तो आमच्याकडेच बघत होता. धुक्यात जाईपर्यंत त्यानं हात वर धरून ठेवला होता. तो हात मला अजून दिसतो.

लहान मुलांना घेऊन जाणाऱ्यांना माझं हात जोडून सांगणं आहे, घांघरियात एक दिवस जास्त थांबा. आम्ही एकच रात्र थांबलो, सुट्टीचा हिशेब करून. पोरानं आदल्या संध्याकाळी थोडंसं डोकं दुखतंय म्हटलं होतं. त्या वेळी एक दिवस थांबलो असतो तर कदाचित पाचही जण वर पोहोचलो असतो.

पुढची वाट मी आणि लेक. शेवटच्या टप्प्यात दोन रस्ते फुटतात. एक घोड्यांचा, वळणावळणांचा. दुसरा सरळ पायऱ्यांचा, हजाराहून जास्त पायऱ्या. आम्ही पायऱ्या धरल्या. वीस पायऱ्या, थांबा. वीस पायऱ्या, थांबा. पुढे पुढे दहावर आलो. थांबले की माझं मन खाली धावायचं, कंडी कुठवर पोहोचली असेल, आणि चालायला लागले की वर, आई घोड्यावरून नीट उतरल्या असतील ना.

अशाच एका थांब्यावर लेक ओरडली, "आई, ब्रह्मकमळ!"

पायऱ्यांच्या कडेला, दोन दगडांच्या फटीत, गुडघ्याएवढ्या उंचीवर. मी आधी ओळखलंच नाही, कारण आमच्या घरी ज्याला ब्रह्मकमळ म्हणतात ते पांढरंशुभ्र, रात्री उमलणारं. हे फिकट पिवळसर हिरवं, होडीच्या आकाराच्या पातळ पाकळ्या एकमेकींवर मिटलेल्या, पतंगाच्या कागदासारख्या. आतून उजेड दिसावा इतक्या पातळ. त्यांच्यावर धुक्याचे थेंब. लेकीनं खाली वाकून आत डोकावलं, हात न लावता. आत जांभळट काळपट बोंडांचा घट्ट गुच्छ. तीच खरी फुलं, आणि भोवतीचं पिवळं सगळं त्यांचं पांघरूण. थंडी-पावसात फुलांना ऊब मिळावी म्हणून झाडानं विणलेलं. वास उग्र आणि गोडसर. जवळ गेलं की थोडा चढतो.

मग नजर वर गेली आणि दिसलं, अख्ख्या उतारावर ती होती. शेकडो. दगडादगडांतून.

थोडं पुढे दोन माणसं प्लॅस्टिकच्या पिशवीत ती तोडून भरत होती. मी थांबून सांगितलं, तोडू नका. ती म्हणाली, देवाला वाहायची आहेत. देवाच्याच अंगणात उभी होती ती फुलं, अजून कुठे वाहायची? माझा आवाज चढला होता, त्याचं मला वाईट वाटत नाही. हे झाड वर्षातले थोडेच दिवस बर्फाबाहेर असतं, तेवढ्यात उगवायचं, फुलायचं आणि बी धरायचं. उत्तराखंडाचं ते राज्यपुष्प आहे. पिशवीतून खाली पोहोचेपर्यंत त्याचा लगदा होतो.

सव्वाअकराला शेवटची पायरी चढलो. आधी गुरुद्वाऱ्याचं ते छप्पर दिसलं, तसबिरीतलं. उतरतं, टोकदार, पाकळ्यांसारखं सगळ्या बाजूंनी झुकलेलं, बर्फ साचू नये म्हणून. तळं दिसलंच नाही, धुकं होतं. मी तळं शोधतही नव्हते, आईंना शोधत होते.

आई लंगरात होत्या. भट्टीजवळ, दोन घोंगड्या पांघरून, मांडीवर खिचडीची थाळी. आणि दोन पंजाबी बायका त्यांच्या समोर खाली बसून त्यांचे पाय चोळत होत्या. लुगड्याचा काठ ओला झालेला, तो तिसरी भट्टीच्या धगीवर धरून वाळवत होती. आई मला बघून रडायलाच लागल्या. आधी वाटलं काही झालं. "काही नाही गं," म्हणाल्या, "मी नुसतं नांदेड म्हटलं."

त्यातल्या एकीनं, माझ्याहून वयानं मोठ्या, मला सांगितलं की ती वीस वर्षं हजूर साहिबला जायचं म्हणते आहे. शेती, मुलींची लग्नं, नवऱ्याचं आजारपण, राहूनच गेलं. इथे हेमकुंडाला तिसऱ्यांदा आली, तिकडे एकदाही नाही. आणि माताजींच्या गच्चीवरून दिसतो! तिनं आईंना तो घुमट कसा दिसतो ते परत परत विचारलं. सकाळी कसा, संध्याकाळी कसा, दिव्यांच्या वेळी कसा. आई मोडक्या हिंदीत सांगत होत्या. पहाटे गोदावरीतून गागर भरून अनवाणी पायांनी पाणी नेतात, तेही सांगितलं. मला आठवलं, तो घुमट मी शेवटचा नीट कधी पाहिला? गच्चीवर कपडे वाळत घालताना तो रोज समोर असतो.

दुसरी म्हणाली, तुमचे नामदेवजीही आमच्या ग्रंथसाहिबात आहेत ना. आहेत. नामदेवांची ६१ पदं आहेत त्यात. त्यांचं जन्मगाव म्हणतात ते नरसी आमच्या शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात, आई दरवर्षी जातात. नाव निघाल्यावर आईंना राहवलं नाही. भट्टीजवळ बसून त्यांनी नामदेवांचा एक अभंग म्हटला, धाप लागत होती म्हणून कडव्याकडव्याला थांबत. त्या बायकांना एक अक्षर कळत नव्हतं. त्या हातानं ताल धरून बसल्या होत्या.

खिचडी आणि पेलाभर गरम चहा. या उंचीवर त्या खिचडीसारखं अन्न नाही. प्रत्येक दाणा, प्रत्येक लाकूड घोड्याच्या किंवा माणसाच्या पाठीवरून वर येतं. गुरुद्वाराही तसाच उभा राहिला. 'बचित्तर नाटका'त गुरुजींनी सात शिखरांच्या हेमकुंटाचा उल्लेख केला आहे. त्यावरून ही जागा शोधत १९३०च्या दशकात संत सोहनसिंग इथवर आले. फौजेतले हवालदार मोदनसिंग त्यांना मिळाले. आधी एक लहानशी खोली बांधली. आज उभी आहे ती वास्तू नंतरची. त्यांच्या आधीपासून या खोऱ्यातली माणसं या तळ्याला लोकपाल म्हणत आली आहेत आणि लक्ष्मणानं इथे तप केलं असं मानतात. काठावर लक्ष्मणाचं लहानसं मंदिर आहे. आईंनी घरून आणलेलं हळदकुंकू तिथे वाहिलं. एकाच पाण्याच्या काठी दोघांचं तप. आईंना त्यात काही वेगळं वाटलं नाही. "अशा ठिकाणी तप नाही करायचं तर कुठं?" म्हणाल्या.

साडेबाराच्या सुमारास धुकं उठलं. कुणीतरी पडदा ओढावा तसं नाही, अगदी हळू, काठाकडून आत. पाणी तसबिरीतल्यासारखं निळं नव्हतं. पाटीच्या दगडासारखं, काळसर हिरवं, आणि इतकं स्वच्छ की काठापासून दूरवरचे गोटे मोजता येत होते. पलीकडच्या काठाला ऑगस्टातही बर्फाचा एक मळकट पट्टा पाण्याला टेकलेला. सात शिखरांपैकी चार दिसली. आई बोटांवर मोजत होत्या, पाचवं ढगात अर्धं होतं, त्यांनी तेही धरलं.

पुरुष काठावर कपडे काढून डुबकी मारत होते. साखळी धरून, एका दमात, आणि वर येताना जो हुंकार निघत होता तो डोंगरांवर आपटून परत येत होता. बायकांसाठी आडोसा आहे. आईंनी पाय बुडवले, तीन ओंजळी डोक्यावर घेतल्या आणि डोळे मिटून उभ्या राहिल्या. मी त्यांना मागून धरलं होतं, मला त्यांच्या पाठीची थरथर जाणवत होती. लेक घोट्याएवढ्या पाण्यात उभी राहून आकडे मोजायला लागली, भावाला सांगायचं होतं म्हणून. अकरा म्हणताच तिला पाय काढावे लागले. पाय लालभडक झाले होते.

दरबारात थोडा वेळ बसलो. कीर्तन चालू होतं. आत भरपूर कांबळी ठेवलेली असतात, गारठलेला माणूस आला की एक ओढून घेतो, उठताना घडी घालून ठेवतो. आईंनी आपल्या कांबळ्याची घडी दोनदा घातली, कडा जुळेपर्यंत.

निघताना लेकीनं ब्रह्मकमळ आईंना दाखवलं. गुरुद्वाऱ्यामागच्या उतारावर होती. आई बराच वेळ बघत राहिल्या. आमच्या अंगणातलं ब्रह्मकमळ त्यांनी एका पानापासून वाढवलं आहे. पावसाळ्यात कळी धरली की गल्लीला निरोप जातो, रात्री बारा-एकला सगळे खुर्च्या टाकून बसतात, पूजा होते. लेकीनं हळूच सांगितलं, आजी, ते निवडुंगाच्या जातीचं, मेक्सिकोकडचं झाड आहे. खरं ब्रह्मकमळ हे. मला वाटलं आई हिरमुसतील. त्या म्हणाल्या, "तेही लांबून आलंय म्हणायचं. ते रात्रीचं, हे दिवसाचं." आणि वाऱ्यानं एका फुलावर वाकलेलं गवत बोटानं बाजूला सारलं.

दीडला उतरायला लागलो, साडेचारला घांघरिया. धाकटा लॉजच्या खोलीत बसून वरणभात खात होता. उतरायला लागल्यावर तासाभरातच डोकं थांबलं म्हणे. मला बघितल्यावर पहिलं विचारलं, "किती गार होतं?" लेकीनं सांगितलं, अकरापर्यंत. आईंनी पिशवीतून तळ्याच्या पाण्याची बाटली काढून त्याच्या हातात दिली. त्यानं ती गालाला लावली. त्या रात्री ती उशाशी घेऊन झोपला.

दिवस सहावा

फुलांच्या दरीत जायचं ठरलं होतं. १९३१ साली कामेट शिखर सर करून परतताना फ्रँक स्माइथ आणि त्याचे सोबती वाट चुकून या दरीत उतरले आणि तिचं नाव जगभर झालं. आज ते राष्ट्रीय उद्यान आहे, २००५पासून जागतिक वारसा. तिकडे हे आणि लेक गेले. मुद्दाम यांनाच पाठवलं. काल त्यांनी तळं सोडलं होतं. संध्याकाळी आले ते गुडघ्यापर्यंत चिखलानं माखून, चेहरा उजळलेला. दरीबद्दल त्यांनीच कधीतरी लिहावं.

मी, आई आणि धाकटा घांघरियातच थांबलो. सकाळी कालचा कंडीवाला गल्लीत दिसला. आईंनी त्याला हाक मारून चहा पाजला, उरलेले दोन धपाटे खाऊ घातले आणि त्याचं घोंगडं दुरुस्त करून दिलं. कोपऱ्यात उसवलेलं आईंनी आदल्या दिवशी पाहिलेलं नव्हतं, पण हातात घेतल्याबरोबर दिसलं. सुईदोरा त्यांच्या बटव्यात कायम असतो. तो उभा राहून बघत होता. धाकट्यानं त्याला विचारलं, दिवसाला किती वेळा वर जाता? एकदा, तो म्हणाला. धाकट्यानं बराच विचार केला आणि मला विचारलं, "रोज?"

दिवस सातवा आणि पुढे

पाऊस लागलेला असताना पुलनापर्यंत उतरलो. जीपमध्ये धाकट्यानं नदीकडची खिडकी मागून घेतली. परतीचा रस्ता उघडा मिळाला, दोन दिवसांनी दिल्लीला पुन्हा सचखंड एक्स्प्रेसमध्ये बसलो.

नांदेडला पोहोचल्यावर आईंना बाटलीतलं पाणी गोदावरीत सोडायचं होतं. धाकट्यानं अर्धंच सोडू दिलं. नगीना घाटावर, संध्याकाळी, बूच उघडून त्यानं स्वतः ओतलं, अगदी बारीक धारेनं, म्हणून खूप वेळ लागला. उरलेली अर्धी बाटली आमच्या देवघरात आहे. तिच्यावर त्यानं वहीच्या कागदाची पट्टी चिकटवून लिहिलं आहे, "कुणी उघडू नये. मी जाऊन नवीन आणल्यावर हे सोडायचं."

त्या पंजाबी बाईंचा परवा फोन आला. तिकिटं काढली आहेत म्हणाल्या. आई गच्ची झाडून घेत आहेत.